लवादाची नोटीस आली, आता वकील कोणता गाठायचा?

आमच्या गल्लीत एक टेम्पोवाला राहतो. पहाटे मार्केट यार्डातून भाजी उचलायची आणि हॉटेलांना पोचवायची, हा त्याचा धंदा. टेम्पोच्या कर्जाचे हप्ते थकले आणि फायनान्स कंपनीच्या वतीने एक रजिस्टर पाकीट आलं. आठ पानं इंग्रजी, मथळ्यावर ‘आर्बिट्रेशन’. ‘कोर्टाचं नाही ना, मग घाबरायचं काय’ म्हणून त्याने ते टीव्हीखालच्या कप्प्यात सरकवलं. दुसरं पाकीट आलं तेव्हा तो गावच्या बांधाची केस चालवणाऱ्या वकीलसाहेबांकडे गेला. त्यांनी पानं चाळली आणि सांगितलं, ‘येऊ दे निवाडा, मग बघू.’ निवाडा आला. तेव्हा कळलं की ‘बघायला’ मोजून तीन महिने मिळतात.

वकीलसाहेब काही वाईट नव्हेत. वाटपाच्या आणि बांधाच्या दाव्यात तालुक्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण उसाच्या शेतकऱ्याला द्राक्षाची छाटणी विचारावी, तसं हे झालं. दोन्ही शेतीच, पण हंगाम वेगळा आणि चुकीची किंमतही वेगळी.

जुलै २०२५ पासून देशभरातल्या कोर्टांत मध्यस्थीची ९० दिवसांची मोहीम चालली. अनेकांच्या कानावर ‘मध्यस्थीला जा’ हे शब्द पहिल्यांदा तेव्हाच पडले. दुसरीकडे कर्जाच्या कागदांतून ‘लवाद’ घरोघरी पोचला आहेच. दोन्ही वाटा कोर्टाबाहेरच्या, म्हणून लोक त्या एकच समजतात आणि नेहमीच्या वकिलाकडे जातात. गफलत तिथेच होते.

आधी शब्द नीट समजून घेऊ

दोन भाऊ वाटणीवरून भांडतायत असं समजा. मामा आला. त्याने एकाला माजघरात नेलं, मग दुसऱ्याला ओसरीवर. ‘तुला विहीर का हवी? पाण्यासाठी, की आईने तुला कबूल केली होती म्हणून?’ असं विचारत तो निरोप इकडून तिकडे नेत राहिला आणि शेवटी दोघा भावांनीच काय ते ठरवलं. ही मध्यस्थी. मध्यस्थ निकाल देत नाही. कुणीही कधीही उठून जाऊ शकतो.

आता दुसरी तऱ्हा. दोघांनी आधीच लिहून दिलं, की मामा सांगेल ते मान्य. मग मामाने कागद पाहिले, साक्षी ऐकल्या आणि निकाल दिला. हा लवाद, म्हणजेच आर्बिट्रेशन. निकाल देणाऱ्या माणसालाही लवादच म्हणतात. त्याच्या निकालाला निवाडा म्हणतात. तो आवडो न आवडो, कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी त्याची अंमलबजावणी होते. जप्तीची दरखास्तसुद्धा त्यावर लागते.

‘लवाद’ या शब्दाने मराठीत उगाच घोळ घातलाय. हरित लवाद किंवा पाणीतंटा लवाद ही सरकारने कायद्याने नेमलेली न्यायाधिकरणं. आपण बोलतोय तो लवाद दोन पक्षांच्या करारातून जन्माला येतो. १९९६ चा लवाद आणि सलोखा कायदा त्याला लागू पडतो. मध्यस्थीसाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, पण त्याची सगळी कलमं एकदम लागू केलेली नाहीत.

ही कल्पना आपल्याला परकी मात्र नाही. पेशवाईत पंचायतीपुढे जाताना वादी-प्रतिवादी ‘राजीनामा’ लिहून देत. अर्थ असा, की पंच ठरवतील त्याला आम्ही राजी आहोत. हरणारा पुढे यजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा कागद, लिहून देई. आज राजीनामा म्हटलं की मंत्री आठवतात. पण तुमच्या कर्जाच्या कराराच्या शेवटी बारीक अक्षरात जे लवादाचं कलम असतं, तो त्या जुन्या अर्थाने तुमचा राजीनामाच. फरक एवढाच, की तेव्हाच्या पक्षकाराला आपण काय लिहून देतोय ते ठाऊक असायचं.

वकिलाच्या आधी कागद शोधा

तुमची वाट बऱ्याचदा कायद्याने किंवा करारानेच ठरलेली असते. म्हणून वकिलाचा नंबर मिळवण्याआधी मूळ करार काढा आणि शेवटची चार पानं वाचा. ‘वाद’, ‘लवाद’, ‘आर्बिट्रेशन’ असा मथळा दिसला की तीन गोष्टी एका कागदावर उतरवा: लवाद कोण नेमणार, तो कोणत्या शहरात बसणार आणि भाषा कोणती. शहराला जास्त महत्त्व आहे. करारात लवादाचं स्थान म्हणून दुसऱ्या राज्यातलं शहर लिहिलं असेल, तर निवाड्याला आव्हान द्यायलाही साधारणपणे तिथलंच कोर्ट गाठावं लागतं. मग पुण्यातला वकील कितीही हुशार असला तरी तिथे त्याला दुसरा वकील जोडून घ्यावाच लागेल.

कलम असूनही सगळंच लवादाकडे जात नाही. फौजदारी गुन्हे, घटस्फोट, मुलांचा ताबा, मृत्युपत्राचं प्रोबेट (ते खरं असल्याचा कोर्टाचा दाखला), भाडेनियंत्रण कायद्याखालचा ताबा हे वाद लवाद सोडवू शकत नाही. बिल्डरने करारात लवादाचं कलम घातलं असलं तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही. एमार विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते स्पष्ट केलं. शिवाय घर घेणाऱ्यांसाठी महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामकाने, त्याच वर्षी सलोखा मंच सुरू केला आहे. तिथे ग्राहक संघटनेचा एक आणि बिल्डरांच्या संघटनेचा एक, असे दोघं मिळून समेट घडवायचा प्रयत्न करतात. लवादातल्या महागड्या वकिलाकडे जायच्या आधी हे पाहून घ्या.

भोसरी, सातपूर, बुटीबोरीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना तर वेगळीच वाट आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल आणि माल घेणाऱ्याने पैसे थकवले, तर अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याखाली सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकबाकीचे हे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, अर्ज करता येतो. पैसे द्यायची मुदत करारात काहीही लिहिली तरी ४५ दिवसांपलीकडे जात नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. परिषद आधी सलोख्याचा प्रयत्न करते, नाही जमलं तर लवाद. त्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर समोरच्या खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. हा कायदा रोज हाताळणारा वकील आणि ‘दिवाणी दावा लावू’ म्हणणारा वकील यांच्यात तुमच्या आयुष्यातली काही वर्षं पडलेली असतात.

३ लाख किंवा त्याहून मोठ्या रकमेचा व्यापारी वाद असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दावा लावण्याआधी मध्यस्थीचा अर्ज करणं बंधनकारकच आहे. २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही पायरी गाळली तर दावा फेटाळला जाईल. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे होतो. ३ ते १० लाखांच्या वादाला मध्यस्थीची फी १५ हजार, दोघांत निम्मी-निम्मी. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि मग दाव्याचा रस्ता मोकळा.

मध्यस्थीला कसा वकील हवा

मध्यस्थीच्या खोलीत उलटतपासणी नसते. तिथे समोरच्याला घाम फोडणारा वकील खर्चिक ठरतो, कारण त्याने पहिल्या अर्ध्या तासात केलेला अपमान मिटवण्यात पुढच्या तीन बैठका जातात. इथला चांगला वकील आधी तुम्हालाच छळतो. ‘खरंच किती मिळालं तर झोप लागेल?’ ‘समोरच्याने माफी मागितली आणि पैसे कमी दिले तर?’ ‘हे मिटलं नाही तर पाच वर्षांनी आपण कुठे असू?’ हे प्रश्न बैठकीच्या आधीच विचारणारा वकील सापडला तर त्याला सोडू नका.

एक साधी पारख सांगतो. पहिल्या भेटीत त्याने समोरच्या पक्षाबद्दल काही विचारलं का, याकडे लक्ष द्या. त्याची अडचण काय, धंदा कसा चाललाय, भावकीत त्याच्यावर कुणाचं दडपण आहे? फक्त ‘आपली बाजू एकदम भक्कम आहे’ असंच ऐकू आलं, तर तो वकील दाव्याला ठेवा. मध्यस्थीला दुसरा पाहा.

सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीचं ४० तासांचं प्रशिक्षण घेतलेले अनेक वकील जिल्हा कोर्टांच्या मध्यस्थी केंद्रांत मध्यस्थ म्हणून बसतात. असा वकील तुमच्या बाजूने उभा राहिला तर उत्तम, कारण टेबलाच्या दोन्ही बाजू त्याने पाहिलेल्या असतात. अर्थात एकाच वादात तोच मध्यस्थ आणि तोच तुमचा वकील, असं चालत नाही.

त्याच्याकडून दुसरं काम करून घ्यायचं ते लिखाणाचं. समेट झाल्यावर तडजोडीची पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) लिहिताना ‘प्रतिवादी रक्कम देईल’ एवढं वाक्य म्हणजे नव्या भांडणाचं बियाणं. किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, हप्ता चुकला तर काय, इतर केसेस कोण काढून घेणार, हे सगळं त्यात यायला हवं. मिटलेली भांडणं पुन्हा उकरली जातात ती बहुधा अशा ढिल्या वाक्यांमुळेच.

लवादाला कसा वकील हवा

इथे गणित उलटं. लवाद म्हणजे छोटं, खाजगी कोर्टच. कैफियत (लेखी म्हणणं), पुरावे, साक्षी, युक्तिवाद, सगळं आहे. नाही ते अपील. निवाड्याला आव्हान देता येतं, पण कारणं मोजकी: नोटीसच मिळाली नाही, लवादाची नेमणूक बेकायदा होती, बाजू मांडू दिली नाही, अशा प्रकारची. ‘लवादाने पुरावा चुकीचा वाचला’ एवढ्यावर कोर्ट सहसा हात घालत नाही. जिल्हा कोर्टात काही राहून गेलं तर ‘वर बघू’ म्हणायची सोय असते. लवादात वर बघायला फारसं काही नसतं. म्हणून वकील पहिल्या दिवसापासून तयारीचा हवा.

आणि मुदती. निवाडा हातात पडल्यापासून तीन महिन्यांत आव्हान द्यायचं. सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस. त्यानंतर एक दिवसही नाही, मग तुम्ही आजारी असा नाहीतर परदेशात. आपल्याकडे विलंब माफीच्या अर्जाची इतकी सवय झालीय, की चांगले चांगले दिवाणी वकीलही इथे घसरतात.

आपल्या टेम्पोवाल्याच्या पाकिटात खरी मेख नेमणुकीत होती. कंपनीनेच एकट्याने लवाद निवडला होता. ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचा नाही, हे पर्किन्स ईस्टमनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय. सरकारी संस्थांच्या करारांतली अशी एकतर्फी कलमं समानतेच्या तत्त्वात बसत नाहीत, असं ८ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानेही म्हटलं. अशा नेमणुकांवर उभे असलेले निवाडे कोर्टांनी रद्द केले आहेत. लवादाचं काम जाणणाऱ्या वकिलाने पहिल्याच पाकिटाला उत्तर धाडलं असतं, की या नेमणुकीला आमची संमती नाही. मग कंपनीला एक तर दोघांना मान्य होईल असा माणूस शोधावा लागला असता, नाहीतर नेमणुकीसाठी उच्च न्यायालयात जावं लागलं असतं.

याच्या उलटही घडतं. ‘आम्हाला या लवादाबद्दल हरकत नाही’ असा तयार छापील कागद पहिल्या तारखेला पुढे सरकवला जातो. वाद सुरू झाल्यानंतर अशी लेखी संमती दिली की हरकतीचा हक्क गेला. वकिलाला विचारल्याशिवाय त्यावर सही करू नका. एवढंच विचारायला वकील गाठला तरी त्याची फी वसूल झाली म्हणायची.

बहुराज्यीय पतसंस्थांच्या कर्जदारांनी एक लक्षात ठेवावं. तिथला लवाद करारातून येत नाही. सहकाराच्या केंद्रीय कायद्यातूनच येतो आणि नेमणूक केंद्रीय निबंधकाकडून होते. वरची हरकत तिथे जशीच्या तशी चालवता येत नाही. वकिलाला हा फरक माहीत आहे का, ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

पण असा वकील दिसणार कुठे?

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. इंटरनेटवर ‘टॉप टेन वकील’ अशा याद्या दिसतात, त्यांचा या बंदीशी उभा वाद आहे. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा संकेतस्थळांवर कारवाई करायला बार कौन्सिलला सांगितलं होतं. त्यामुळे तिथल्या चांदण्या मोजून वकील ठरवू नका.

अडचण आणखी एक आहे. लवादातलं कामकाज गोपनीय असतं, मध्यस्थीतलं तर त्याहून जास्त. ज्या वकिलाने शंभर भांडणं शांतपणे मिटवली, त्याच्या त्या शंभर कामांचा मागमूस कुठे नसतो. कोर्टात गाजलेला वकील सगळ्यांना माहीत असतो, मिटवणारा फक्त त्याच्या अशिलांना.

तरीही लवादाचे काही धागे कोर्टात येतातच. लवाद नेमण्याचा अर्ज, तात्पुरत्या मनाईचा अर्ज आणि निवाड्याला आव्हान, हे तिन्ही कोर्टापुढे येतात आणि त्यांच्या नोंदी उघड असतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने केस शोधता येते. नाव टाका आणि लवाद कायद्याखालचे किती अर्ज त्याने चालवलेत ते पाहा. निकालपत्रंही वाचता येतात. शेजारच्या काकांच्या शिफारशीपेक्षा हे अर्ध्या तासाचं काम जास्त सांगून जातं.

मध्यस्थीसाठी जिल्हा कोर्टातल्या मध्यस्थी केंद्रात जाऊन बसा. कोणते वकील तिथे वारंवार येतात ते कर्मचारी उघडपणे सांगणार नाहीत, पण बाकावर बसलेले पक्षकार भरभरून बोलतात. धंद्यातला वाद असेल तर तुमच्या औद्योगिक संघटनेत विचारा. नक्की केलेल्या वकिलाची सनद खरी आहे का, हे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तपासता येतं. तेवढं विचारण्यात संकोच नको.

पैशांची ओढाताण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक.

फीचं काय?

लवादात दोन फिया असतात आणि लोक दुसरी विसरतात. वकिलाची फी ठाऊक असते, लवादाचीही असते हे पहिल्या तारखेला कळतं. लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात नमुना दर दिले आहेत. ५ लाखांपर्यंतच्या वादाला ४५ हजार. २० लाखांच्या वादाला ९७ हजार ५००, आणि लवाद एकटाच असेल तर त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे १ लाख २१ हजार ८७५. साधारणपणे दोन्ही बाजू निम्मे-निम्मे भरतात. म्हणून दोन-तीन लाखांच्या वादाला लवाद करायचा सल्ला कुणी देत असेल तर आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. कोर्टाने पाठवलेल्या प्रकरणात कोर्टाच्या केंद्रातल्या मध्यस्थीला मध्यस्थाची फी तुमच्याकडून घेत नाहीत. लोकअदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फीसुद्धा परत मिळते.

‘जिंकलो तर वसुलीच्या दहा टक्के द्या’ असं कुणी वकील म्हणाला तर उठा. भारतात निकालावर ठरणारी फी किंवा वसुलीत वाटा घेणं वकिलाला मना आहे. जो स्वतःच्या व्यवसायाचा नियम पहिल्या भेटीत मोडतो, तो तुमचे कागद किती जपेल?

वकील मिटू देईल का? त्याच्या तारखा बुडतील की!

ही शंका लोक कुजबुजत विचारतात, मी उघड मांडतो. तारखेमागे फी घेणाऱ्या वकिलाला भांडण लवकर मिटण्यात तोटा असतो, हे गणित खरं आहे. सगळे वकील त्या गणिताने वागत नाहीत, हेही खरं. पण माणसाच्या चांगुलपणावर सोडण्यापेक्षा फीची रचना बदला. मध्यस्थीच्या पूर्ण कामाची एकच रक्कम ठरवा: तयारीला इतके, बैठकांना इतके, समेटाचा कागद झाल्यावर उरलेले. लवादाला टप्पे पाडा: कैफियतीपर्यंत, साक्षीपर्यंत, युक्तिवादापर्यंत. आणि हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवल्या आहेत. फीवरून बिनसलं तर ग्राहक आयोगात जायची सोय नाही, म्हणून लेखी हवं.

वकिलाशिवाय चालेल का? कायद्याने अडवलेलं नाही. मध्यस्थीला तुम्ही एकटे जाऊ शकता, लवादातही स्वतः बाजू मांडू शकता. कौटुंबिक न्यायालयात तर वकील हा हक्कच नाही, कोर्टाची परवानगी लागते. माझं मत विचाराल तर मध्यस्थीला एकटे गेलात तरी सहीच्या आधी मसुदा वकिलाला दाखवा. लवादाला मात्र एकटे जाऊ नका. समोर कंपनी असेल तर मुळीच नको.

वकील बदलायचा झाला तर

बदलता येतो. रीत म्हणून जुन्या वकिलाची ना-हरकत घेतात. हिशेब राहिला असेल तर तो चुकता करावा, हे माणुसकीलाही धरून आहे. पण फी बाकी आहे म्हणून तुमचे कागद अडवून धरता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलंय. फाईल तुमची आहे. मागताना भांडू नका, लेखी मागा आणि पोच घ्या.

आमचा टेम्पोवाला फाईल मागायला तीनदा गेला. पहिल्यांदा साहेब कोर्टात होते, दुसऱ्यांदा लग्नाला. तिसऱ्यांदा त्याने आमच्या ओट्यावर बसून चार ओळींचा अर्ज लिहिला आणि ऑफिसातल्या क्लार्ककडून त्यावर तारखेसह सही घेतली. दुसऱ्या दिवशी फाईल मिळाली. नव्या वकीलबाईंनी पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का भिंगातून पाहिला, कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले आणि म्हणाल्या, ‘अकरा उरलेत. उद्या सकाळी मूळ करार घेऊन या, आणि येताना ‘लवादाबद्दल हरकत नाही’ अशा छापील कागदावर सही केली होती का ते आठवून या.’